मुलीचं 'चुकलेलं' वाक्य मला कळलं कसं? लॅम्बेकचं कॅल्क्युलस, मॉण्टेग्यूचा अर्थविचार आणि माझ्या चिठ्ठ्या

सूरसागरकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण तुकड्यातुकड्याने विचारला तर त्यातली गाठ निसटेल, म्हणून सगळं एकदम लिहिते.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते आणि शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. घरात मराठी, उंबरा ओलांडला की गुजराती. मुलगी सात वर्षांची आहे. परवा शाळा सुटताना तिचे बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. घरी येऊन ती म्हणाली, "बाबांनी मला पाहिली." मी सवयीने म्हटलं, "पाहिली नाही, पाहिलं." तिने विचारलं, "का?" आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

ती कुठून बोलतेय हे बडोद्यातल्या कुणालाही कळेल. गुजरातीत 'पप्पाए मने जोई' असंच म्हणतात. कर्माला 'ने' लागला तरी क्रियापद कर्माचं लिंग सोडत नाही. प्रमाण मराठीत कर्माला 'ला' लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. 'बाबांनी फिल्म पाहिली', पण 'बाबांनी मला पाहिलं'. इथपर्यंत व्याकरण झालं.

आता मूळ मुद्दा. गेले चार महिने मी लॅम्बेकच्या कॅल्क्युलसच्या मागे लागले आहे. इथे कॅल्क्युलस म्हणजे शाळा-कॉलेजातलं कलन नव्हे, शब्दांना प्रकार देऊन वाक्य जुळतं का ते बघायचे नियम. जोआकिम लॅम्बेक हे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले गणिती. वाक्यरचनेचं गणित मांडणारा त्यांचा निबंध १९५८ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त आला. तो वाचायला तर्कशास्त्राची पदवी लागत नाही, अपूर्णांकांचा छेद कसा उडतो हे माहीत असलं तरी सुरुवात होते. मी त्याचा खेळच केला. घरात लग्नपत्रिकांचा ढीग होता, त्यांच्या कोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येक चिठ्ठीवर वर शब्द, खाली त्याचा प्रकार. प म्हणजे प्रत्यय न लागलेलं नाम, त म्हणजे 'ने'वालं, द म्हणजे 'ला'वालं, व म्हणजे पुरं वाक्य. प\व म्हणजे 'माझ्या डावीकडे प ठेवा, मी व होतो'. उलट्या दांड्याचा व/प तेच उजवीकडे मागतो.

मग 'मुलीने आंबा खाल्ला' असं लागतं: मुलीने त, आंबा प, खाल्ला प\(त\व). 'खाल्ला' आधी शेजारचा आंबा घेतो, उरतो त\व. तो 'मुलीने' घेतो, उरतो व. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठ्या उडतात म्हणून स्टीलच्या परातीत मांडते आणि जुळलेल्या दोन चिठ्ठ्या एकीवर एक ठेवून वर वाटी ठेवते. शेवटी परातीत एकच वाटी उरली तर वाक्य शुद्ध.

पुस्तकं सांगतात की ही मांडणी म्हणजेच सिद्धता, आणि त्या सिद्धतेतून अर्थ आपसूक मिळतो. इथे मी अडले आहे. दोन ठिकाणी.

एक. मुलीच्या वाक्यात 'मला' द आहे. 'पाहिली' ज्या चिठ्ठीवर लिहिलंय ती 'ला' नसलेलं स्त्रीलिंगी नाम मागते. वाटी एकही ठेवता येत नाही, तिन्ही चिठ्ठ्या सुट्याच उरतात. म्हणजे सिद्धता नाही. सिद्धता नाही तर अर्थ नाही. पण मला तर ती काय म्हणाली ते त्याच क्षणी कळलं!

दोन. 'जिने आंबा खाल्ला ती' हे सुरेख लागतं, कारण 'आंबा खाल्ला' हा त\व तयारच असतो आणि 'जिने'ला नेमकं तेच हवं असतं. पण 'मुलीने खाल्ला तो' काही केल्या लागत नाही. गहाळ आंब्याच्या जागी मी कोरी चिठ्ठी ठेवते, शेवटी ती काढून घ्यायची म्हणून. पण ती 'मुलीने' आणि 'खाल्ला' यांच्या मधोमध अडकते. दोन रविवार गेले. हे माझं चुकतंय की कॅल्क्युलसचं?

---

उपपत्ती

ताई, तुमचं चुकलेलं नाही. दोन्ही ठिकाणी तुम्ही या विषयाच्या खऱ्या सांध्यावर बोट ठेवलंय. मी पुण्याला तर्कशास्त्र शिकवतो, सावकाश लिहितो.

आधी 'अर्थ आपसूक मिळतो' याचा नेमका अर्थ बघू. शब्दांना प्रकार देण्याची कल्पना लॅम्बेकच्या आधीची आहे. पोलंडच्या आय्डुकेविचने ती १९३५ साली मांडली, बार-हिलेलने १९५३ साली त्यात डावी-उजवी बाजू आणली. या दोघांकडे फक्त छेद उडवण्याचा नियम होता. लॅम्बेकने त्याला उलटा नियम जोडला: क्षणभर एखादा शब्द आहे असं गृहीत धरा, पुढे चला, शेवटी ते गृहीतक मागे घ्या. तुमची कोरी चिठ्ठी ती हीच. या एका नियमाने अपूर्णांकांचा हिशेब पूर्ण तर्कशास्त्र झाला.

मॉण्टेग्यूचं काम वेगळ्या वाटेने आलं. रिचर्ड मॉण्टेग्यू लॉस एंजेलिसचे तर्कशास्त्रज्ञ. माणसांच्या भाषा आणि तर्काच्या कृत्रिम भाषा यांत तात्त्विक फरक नाही, असं त्यांनी १९७० साली ठामपणे लिहिलं. इंग्रजीतल्या 'प्रत्येक', 'एक' अशा शब्दांवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७३ साली छापून आला, तेव्हा ते हयात नव्हते, १९७१मध्येच गेले होते. त्यांच्या पद्धतीत वाक्यरचनेच्या प्रत्येक नियमाबरोबर अर्थाचा एक नियम हाताने लिहावा लागतो. जोड्या अचूक आहेत, पण अमक्या नियमाला तमकाच अर्थ का, याला 'मी तसं ठरवलं' यापलीकडे उत्तर नाही.

ते उत्तर करी आणि हॉवर्ड या तर्कशास्त्रज्ञांच्या निरीक्षणातून मिळतं. हॉवर्डचं टिपण १९६९चं, छापलं गेलं १९८०मध्ये. सिद्धतेची प्रत्येक पायरी म्हणजे फलनाचं एक काम, एवढंच ते म्हणतं. दोन चिठ्ठ्या जुळल्या म्हणजे फलनाला किंमत दिली. गृहीतक मागे घेतलं म्हणजे त्या जागी चल ठेवून नवं फलन बांधलं. डच तर्कशास्त्रज्ञ व्हान बेन्थेम यांनी १९८०च्या दशकात हे लॅम्बेकच्या कॅल्क्युलसला लावून दाखवलं आणि दोन वाटा एक झाल्या. मॉण्टेग्यूला ठरवावी लागलेली जोडी इथे ठरवावी लागत नाही. जुळणीचा अर्थ दुसरा काही असूच शकत नाही.

म्हणून तुमच्या परातीत 'आंबा'वर 'खाल्ला' ठेवून वाटी ठेवलीत तेव्हा अर्थाच्या बाजूला खाल्ला(आंबा) तयार झालं आणि वरची वाटी ठेवल्यावर खाल्ला(आंबा)(मुलगी). वेगळं काही करायला नको.

पण एक जपायला हवं. सिद्धता फक्त जोडणी देते. आंबा म्हणजे काय, खाणं म्हणजे काय, हे शब्द स्वतःबरोबर आणतात. 'मुलीने स्वतःला पाहिलं' हेच बघा. 'स्वतःला' या चिठ्ठीचा प्रकार (त\व)/(द\(त\व)), अर्थ लॅम्डा र, लॅम्डा क्ष, र(क्ष)(क्ष). 'लॅम्डा क्ष' म्हणजे क्षच्या जागी किंमत मागणारं फलन. यात क्ष दोनदा आलाय. लॅम्बेकच्या सिद्धतेत एक गृहीतक नेमकं एकदाच वापरता येतं, दोनदाही नाही आणि शून्यदाही नाही. ही दुप्पट सिद्धतेतून कधीच निघाली नसती. ती 'स्वतःला' या शब्दाच्या पोटात आहे. मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. जोडणी काटकसरी, उधळपट्टी शब्दांकडे.

आता तुमच्या मुलीचं वाक्य. वाक्यरचनेचा प्रकार अर्थाच्या प्रकारात जातो तेव्हा बरंच काही गळतं. लिंग गळतं, विभक्ती गळते, दांडा डावा की उजवा हेही गळतं. प, त, द तिघांचीही अर्थाच्या बाजूला एकच जात उरते: वस्तू. त्यामुळे 'पाहिलं' द\(त\व) घ्या किंवा मुलीच्या तोंडचं 'पाहिली' घ्या, जे स्त्रीलिंगी द मागतं. दोन्हींचा अर्थ पाहणे(मी)(बाबा) हाच. तिच्या वाक्याला सिद्धता नाही असं नाही. तिच्या शब्दकोशात ती आहे. तुमच्याकडे 'पाहिली'ची एक चिठ्ठी आहे, तिच्याकडे दोन, आणि दुसरी गुजरातीच्या 'जोई'वरून कापलेली. तुम्हालाही ती दुसरी चिठ्ठी ओळखीची आहे, कारण तुम्ही गुजराती बोलता. म्हणून वाक्य तत्क्षणी कळलं. बडोद्याबाहेरच्या माणसाला कानाला खटकेल, पण कळेल त्यालाही. त्याने लिंगाकडे काणाडोळा करून जुळवलं की त्याच अर्थाला तो पोचतो.

दुसरा प्रश्न जास्त कठीण. लॅम्बेकच्या नियमाप्रमाणे गृहीतक फक्त काठावरून मागे घेता येतं, अगदी डावीकडून किंवा अगदी उजवीकडून. 'मुलीने ▢ खाल्ला' यात तुमची कोरी चिठ्ठी मध्ये आहे, ती निघणार नाही. हे कॅल्क्युलसचं वागणं आहे, तुमची चूक नव्हे.

तातडीचा उपाय म्हणजे 'खाल्ला'ची दुसरी चिठ्ठी: त\(प\व). मराठीत 'आंबा मुलीने खाल्ला' म्हणतोच, तेव्हा ही काही लबाडी नाही. मग 'मुलीने खाल्ला' हा सरळ प\व होतो. इतकंच नाही, 'मुलीने खाल्ला असं आई म्हणाली'देखील लागतं, कारण आता कोरी चिठ्ठी अगदी डाव्या काठावर येते. करून पाहा: 'असं' व\अ, 'आई' प, 'म्हणाली' प\(अ\व). इथे अ म्हणजे शेवटी 'असं' लागलेलं वाक्य.

पण 'आई म्हणते की मुलीने खाल्ला तो आंबा' घ्या. कोरी चिठ्ठी 'की'च्या नंतर, पुन्हा मधोमध. इथे चिठ्ठ्या वाढवून भागत नाही.

मग वाटतं, शब्दांची अदलाबदल सरसकट चालेल असा नियमच करून टाकू. तसं कॅल्क्युलस आहे, व्हान बेन्थेम यांचंच. पण त्यात क्रमच उरत नाही, दोन्ही दांडे एक होतात. 'आई म्हणते की मुलीने आंबा खाल्ला' शुद्ध, आणि 'की आई आंबा म्हणते खाल्ला मुलीने' तेही शुद्ध. मराठी क्रमाच्या बाबतीत मोकळी आहे, पण इतकीही नाही. उट्रेख्टच्या मोर्टगाट यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी १९९०च्या दशकात मधला मार्ग बांधला: सरकण्याची मुभा सगळ्यांना नाही, ज्या चिठ्ठीवर खास खूण आहे तिलाच. तुमच्या कोऱ्या चिठ्ठीवर एक लाल ठिपका द्या. ठिपकेवाली चिठ्ठी काठापर्यंत सरकू शकते, बाकीच्या जागच्या हलत नाहीत. काठावर आली की ठिपका पुसून ती मागे घ्या.

---

वर्ग_पहिला

यात थोडी भर. 'प्रत्येक मुलाने एक कविता वाचली' याचे दोन अर्थ होतात: ज्याची त्याची वेगळी कविता, किंवा सगळ्यांनी मिळून तीच एक. मॉण्टेग्यू यांना दुसऱ्या अर्थासाठी क्रमांक दिलेले चल आणि ते नंतर भरण्याचा खास नियम लागला होता. चिठ्ठ्यांनी करायला गेलात तर 'प्रत्येक मुलाने' व/(त\व) आणि 'एक कविता' (त\व)/(प\(त\व)) घेऊन पहिला अर्थ लगेच मिळतो. दुसऱ्यासाठी कवितेच्या जागी कोरी चिठ्ठी ठेवून ती शेवटी काढावी लागते, आणि ती असते मधोमध. म्हणजे ताईंचा आंबाच पुन्हा. मी यावर प्रोग्राम लिहिला होता, त्यात सिद्धता भाराभर येत होत्या, पण अनावश्यक वळसे काढून सरळ रूपात आणल्यावर अर्थ मोजकेच उरत. ते नेहमी मर्यादितच राहतात हे व्हान बेन्थेम यांनी सिद्ध केलंय.

बाकी, नुसत्या शब्दांच्या माळा बघितल्या तर मूळ लॅम्बेक व्याकरण संदर्भमुक्त व्याकरणाच्या, म्हणजे आजूबाजूचे शब्द न बघता एकेक घटक फोडत जाणाऱ्या नियमांच्या, पुढे जात नाही. पेंटुस यांनी १९९३मध्ये ते दाखवलं. त्यामुळे त्याचं मोल माळांपेक्षा सिद्धतांत आहे.

---

तर्कसंग्रही

बाई, मी इंदूरचा, संस्कृत शिकवून निवृत्त झालो. तुमच्या परातीचं वर्णन वाचून मला माझ्या वर्गातला फळा आठवला.

'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या ग्रंथात अन्नंभट्टाने वाक्यार्थ कळण्याची तीन कारणं दिली आहेत: आकांक्षा, योग्यता, सन्निधी. 'गाय घोडा माणूस हत्ती' यातून काही कळत नाही, कारण कोणत्याच पदाला दुसऱ्याची अपेक्षा नाही. तुमच्या भाषेत, चारही चिठ्ठ्यांवर नुसता प, दांडा एकावरही नाही. दांडा म्हणजे आकांक्षाच. पदं प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारली तर सन्निधी नाही. शेजारी असल्याशिवाय जुळणी नाही, हे लॅम्बेकांनीही धरलं आहे.

योग्यता, म्हणजे अर्थांचं एकमेकांशी जमणं, मात्र तुमच्या परातीत नाही. 'अग्नीने शिंपतो' याच्या चिठ्ठ्या बिनबोभाट लागतील, एकच वाटी उरेल. अन्नंभट्ट म्हणतो, योग्यता नाही म्हणून ज्ञान नाही. उपपत्तींनी 'शब्द अर्थ आणतात, सिद्धता फक्त जोडते' असं जे लिहिलं, त्याची सीमा मला इथे दिसते.

आणखी एक. 'चैत्र जातो' यात मुख्य कोण, यावर नैयायिक (न्यायशास्त्रवाले) आणि वैयाकरण (व्याकरणवाले) शतकानुशतकं भांडले. नैयायिक म्हणतात, प्रथमान्त चैत्र मुख्य, जाणं त्याचं विशेषण. वैयाकरण म्हणतात, क्रिया मुख्य. तुमच्याकडे चैत्राला प लिहिलं तर क्रियापद मागणारं आणि चैत्र दिला जाणारा. व/(प\व) लिहिलं तर चैत्र मागणारा आणि क्रियापद दिलं जाणारं. दोन्ही लागतात आणि अंती अर्थ एकच येतो, हे पाहून मी बराच वेळ थांबलो. दोन परंपरा एकच आहेत असं मी म्हणणार नाही. नैयायिकांचा शाब्दबोध म्हणजे ऐकणाऱ्याला होणारं ज्ञान, तो वाक्य खरं की खोटं याचा हिशेब नव्हे. पण भांडण कशावरून होतं ते या दांड्यांनी मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

---

उपपत्ती

सर, फार मोलाचं लिहिलंत. तो प पासून व/(प\व) हा चढ लॅम्बेकच्या कॅल्क्युलसमध्ये सिद्ध होतो, गृहीत धरावा लागत नाही. १९५८च्या निबंधात त्यांनी इंग्रजीतल्या 'तो' आणि 'त्याला' यांना असेच चढवलेले प्रकार देऊन, एक क्रियापदाच्या आधीच का येतो आणि दुसरा नंतरच का, हे दाखवलं होतं. योग्यतेबद्दल तुमचं बरोबर आहे. वस्तूची एकच जात न धरता अर्थाच्या बाजूलाही बारीक जाती करणारे लोक आहेत. पण मग 'अग्नीने शिंपत नाही' हे खरं वाक्यही हातचं जायची भीती असते.

---

सूरसागरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर परात पुन्हा काढली. लाल ठिपक्याला मुलीची कुंकवाची टिकली लावली. 'आई म्हणते की ▢ मुलीने खाल्ला' मांडलं, टिकलीवाली चिठ्ठी अगदी डावीकडे सरकवली, वाट्या ठेवत गेले, शेवटी टिकली सोलून चिठ्ठी उचलली. खाली प\व उरला. मी वहीत लिहिलं: लॅम्डा क्ष, म्हणते(खाल्ला(क्ष)(मुलगी))(आई). दोन रविवार जे जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं.

मुलगी शेजारी बसून बघत होती. तिच्यासाठी 'पाहिली'ची दुसरी चिठ्ठी कापली आणि खाली तिचा प्रकार लिहिला. तिने 'बाबांनी', 'मला', 'पाहिली' तिन्ही ठेवून दोन वाट्यांत वाक्य संपवलं. मग मी 'पाहिलं'ची चिठ्ठी दिली, तीही लागली. वहीत दोन्हींसमोर एकच ओळ आली. "मग शाळेत कुठली लिहू?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, मराठीच्या वहीत 'पाहिलं'वाली, आणि गुजरातीच्या वहीत 'जोई'.

सर, 'अग्नीने शिंपतो' मीही लावून पाहिलं. एकच वाटी उरली. ती चिठ्ठी वेगळ्या पाकिटात ठेवली आहे.

उपपत्ती, 'स्वतःला' लागलं, क्ष दोनदा आला. पण लगेच पुढचं अडलं. 'मुलीने आपल्या आईला पाहिलं' यात 'आपल्या'ला मुलगी हवी, पण ती चिठ्ठी 'आईला'च्या आत दडलेली आहे. 'स्वतःला' थेट क्रियापदाला धरतो, म्हणून त्याला दुप्पट करता आली. 'आपल्या' धरतो आईला. मग कर्त्यापर्यंत पोचून क्ष दोनदा आणायचा कुणी? की 'आपल्या आईला' या दोन्हींना मिळून (त\व)/(द\(त\व)) द्यायचा आणि 'आपल्या'च्या चिठ्ठीवर त्याच्यापुढे आणखी /द लिहायचा? तसं लिहिलं तर ते 'मुलीने आपल्या आईच्या मैत्रिणीला पाहिलं' इथे पुन्हा तुटतं, कारण 'आईच्या' हे द नव्हे. टिकली इथेही चालेल का, की दुसऱ्या रंगाची लागेल?

---

उपपत्ती

दुसऱ्या रंगाची. तुमची लाल टिकली चिठ्ठीला फक्त सरकू देते, तिची प्रत काढू देत नाही. इथे एकाच मुलीच्या दोन प्रती हव्यात, एक कर्त्याच्या जागी आणि एक 'आपल्या'च्या जागी. सर्वनामांसाठी, खूण असलेल्या चिठ्ठीचीच प्रत काढायची मुभा देणारी कॅल्क्युलसं आहेत. पण प्रत किती वेळा काढायची याला आवर घातला नाही तर वाक्य शुद्ध आहे की नाही याचा निर्णय लावणंच अवघड होऊन बसतं. आधी 'आपल्या'ला सरकू न देता, 'आईच्या' आणि 'मैत्रिणीला' यांच्या चिठ्ठ्यांनाच आतली रिकामी जागा बाहेर पोचवायला लावून पाहा. रविवारी मीही मांडतो.